अर्धी बाही आणि नणंदेची कात्री

आमच्या भंडारा जिल्ह्यात स्वेटर लागतो तो डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीच्या थोडं पुढेपर्यंत. उरलेले दहा महिने लोकर म्हणजे नुसती खाज. मे महिन्यात पंख्याखाली मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसलेली बाई लोकांना थोडी हललेली वाटते, आणि लोकांचं फारसं चुकत नाही. मी पन्नासएक वर्षं विणते आहे. त्यातली बरीचशी घामात.

मला विणायला शिकवलं चिखल्याच्या खाण कॉलनीतल्या शेजारणीने. माझे वडील मँगनीजच्या खाणीत कारकून होते, तिचा नवरा फोरमन. ती पंजाबकडची. हजार मैल दूर येऊन तिला वर्षं झाली होती, पण हे तिच्या हातांना कोणी कळवलं नव्हतं. ते अजून बर्फाच्या तयारीत असत. काळ्या धुळीने कॉलनीतल्या दोऱ्यांवरचे कपडे राखाडी होत, आणि ही व्हरांड्यात बसून हट्टाने पांढरी लोकर विणत असे. मी दहा वर्षांची. सुया म्हणून तिने मला सायकलच्या चाकाच्या दोन तारा दिल्या, टोकं दगडावर घासून. माझा पहिला मफलर वीस टाक्यांनी सुरू झाला आणि एकतीस टाक्यांवर संपला. मधले अकरा कुठून आले ते मला आजही सांगता येणार नाही. तिने तो उलगडून पाहिला आणि म्हणाली, "ये तो बारात हो गई बेटी. घर से बीस निकले, पहुँचे इकतीस." मग सगळा उसवायला लावला.

पुढे लग्न होऊन मी मोहाडी तालुक्यातल्या एका गावी विणकरांच्या घरात आले. ओसरीत दोन माग, दिवसभर त्यांची खटखट. मी पेटीतून सुया आणि अर्धवट झालेला स्वेटर बाहेर काढला तेव्हा सासऱ्यांनी तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, ताणून पाहिला. मग लोंबणारं टोक चिमटीत धरून जरासं ओढलं. एक ओळ सर्रकन निघून आली. त्यांनी शांतपणे तो मला परत दिला.

"हे कापड नोहोय बाई," ते म्हणाले. "हे अफवा होय. एक टोक वढलं का सारं खतम."

याला उत्तर मला सुचलं ते बऱ्याच वर्षांनी, भांडी विसळताना: उसवतं म्हणून तर पुन्हा विणता येतं, कापड फाटलं की त्याचं फडकं होतं. पण तोवर ऐकायला ते उरले नव्हते. माझी बहुतेक उत्तरं अशीच उशिरा येतात.

सासूबाई बोलण्यापेक्षा करून मोकळ्या होत. त्या घरात सुतापासून धोतरापर्यंत सगळ्याला तांदळाच्या पेजेची खळ बसायची. नवऱ्यासाठी विणलेला पहिला स्वेटर मी धुवायला टाकला, तो त्यांनी खळीतून काढून दोरीवर वाळत घातला. संध्याकाळी उतरवला तर तो कोणाच्याही मदतीशिवाय भिंतीला टेकून उभा राहिला.

"पाह्य, कसा कडक बसला!" सासूबाई म्हणाल्या. त्यांना मनापासून आनंद झाला होता.

नवरा वरठीला कारखान्यात कामाला होता, सायकलने जायचा. (तोंडावर मी त्याला जन्मभर 'अहो' म्हणत आले. कागदावर 'तो' म्हणते आहे. सासरचं कोणी एवढं वाचत नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला तो तोच स्वेटर घालून निघाला, कारण दारात एका बाजूला आई उभी होती आणि दुसऱ्या बाजूला नवी बायको. कोपर वाकेना. दोन्ही हात ताठ ठेवून हँडल धरलेला तो माणूस धुक्यात शिरला तेव्हा शेतातलं बुजगावणं नोकरीला निघाल्यासारखं वाटलं. वरठी येईपर्यंत दंव आणि घाम मिळून खळ सुटली, अंगाला भाताचा वास सुटला, आणि रेल्वे फाटकापासून दोन कुत्री त्याच्या मागे लागली. संध्याकाळी घरी येऊन त्याने तक्रार केली नाही. एवढंच म्हणाला, "ऊब मस्त आहे. पण उद्या संगं वरण बी देजो."

त्या वाक्यावर मी त्याच्यासाठी पुढे आणखी आठ स्वेटर विणले. एकही नीट बसला नाही. मी माप घ्यायची दिवाळीत आणि स्वेटर पुरा व्हायचा पुढच्या पावसाळ्यात, आणि दरम्यान त्याचं पोट कोणाला न विचारता पुढे गेलेलं असायचं. तो सगळे घालायचा. घट्ट झालेल्याला म्हणायचा 'टाइट फिटिंग', सैल झालेल्याला 'हवेशीर'. मोटरसायकल आली तेव्हा त्याने जुनी सायकल मोडीत काढली, पण त्याआधी चाकातल्या चार तारा काढून, टोकं घासून, खोबरेल लावून माझ्यासमोर ठेवल्या. दुकानातल्या सुयांपेक्षा त्या चांगल्या चालतात. सगळं विणकाम मी पुढे त्याच तारांवर केलं.

मी शाळेत ग्रंथपाल होते. शाळेच्या ग्रंथालयात फारसं कोणी येत नाही, हे त्या नोकरीचं मुख्य सुख. पुस्तक टेबलावर उघडं, पान उडू नये म्हणून त्यावर पट्टी, आणि टेबलाखाली सुया. सरळ सुलट ओळींना कादंबरी चालते. नक्षी असली तर वर्तमानपत्रच बरं, कारण त्यात काही चुकलं तरी दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा येतं. कादंबरीतलं महत्त्वाचं माणूस मेलं की माझा टाका हमखास सुटायचा. मुलाच्या एका निळ्या स्वेटरच्या पाठीवर अशी तीन भोकं होती. तो शाळेच्या फाटकापाशी स्वेटर काढून दप्तरात कोंबायचा, हे मला त्याच्या लग्नात त्याच्याच मित्राकडून कळलं. घरची माणसं संपली की मी रेडिओला, पाण्याच्या फिल्टरला आणि एकदा तर कुकरलाही विणलं. स्वतःसाठी मात्र कधी नाही. स्वतःचं माप घ्यायला आपला हात पुरत नाही, असं मी कारण द्यायची. खरं म्हणजे सुख विणण्यात होतं, घालण्यात नव्हतं. बोटांना काम असलं की डोक्याला माणसासारखा विचार करता येतो, आणि कोणी हाक मारली तर "ही ओळ होऊ दे" म्हणता येतं. एवढी सोय दुसऱ्या कशात मला सापडली नाही.

तो गेला ते गेल्या वर्षी, धानाची कापणी चालू असताना. दुपारी जेवून आडवा झाला आणि उठला नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं कारण मी ऐकलं आणि विसरले.

दहावा स्वेटर तेव्हा सुयांवर होता. राखाडी-निळा. पाठ झाली होती, पुढचा भाग झाला होता, उजवी बाही झाली होती. डावी मनगटापासून सुरू करून कोपरापर्यंत आली होती. आदल्या दिवशी मी ती त्याच्या हाताला लावून पाहिली होती. "अर्धी राहिली," मी म्हटलं. तो पेपर वाचत होता. हात तसाच लांब धरून म्हणाला, "आरामात. माहा हात कुठी पळून नाही चालला."

तो गेला त्याच रात्री करडीहून नणंद आली. नवऱ्याची मोठी बहीण. मी त्यांना 'बाई' म्हणते. धानाच्या घरात दिलेली, पण लग्नाआधी दहा-बारा वर्षं वडिलांच्या मागावर बसलेली. शेतात भारे पडले होते ते तसेच टाकून आल्या, पहिल्या दिवशी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मागावर काही नाही ना?"

"माग विकून वर्षं झाली, बाई."

"माग नसन. पण तू कायतरी विणतच रायते ना."

मला कळलं त्या काय विचारत होत्या. सासरच्या घराचा एक नियम होता, सासरे गेले तेव्हा मी तो पाळलेला पाहिला होता. घरातलं माणूस गेलं की मागावर अर्धं कापड ठेवून तेरवी करायची नाही. एक तर विणून पुरं करायचं, नाहीतर आहे तिथे कापून उतरवायचं. अर्धं काम दिसलं की गेलेल्याचा जीव त्यात अडकतो, माघारी येत राहतो.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही विणत."

मी आयुष्यभर पुस्तकांमध्ये बसले. त्यातल्या एकाही पुस्तकाने मला असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायला शिकवलं नव्हतं. पण अर्ध्या कापडापायी माणूस माघारी येतो असं चार पिढ्या सांगत आल्या असतील, तर अर्धी बाही ठेवून बघायला काय हरकत होती? येऊ दे की. आलाच तर उरलेल्या हाताचं मापही घेता येईल. ती बाही मला पुरी करायची नव्हती, कापायची नव्हती, जन्मभर तशीच त्या चार तारांपैकी दोन तारांवर ठेवायची होती. मी ती दुमडून तांदळाच्या पिंपात, पार खाली खुपसली.

दुःखाच्या घरात किती भात लागतो याचा अंदाज मला नव्हता. सातव्या दिवशी सकाळी मला भेटायला आलेल्या सहा बायका सतरंजीवर बसल्या होत्या. बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं. "देवाची मर्जी" दोनदा झालं होतं, "चांगलं मरण आलं" तीनदा. आतून नणंदबाईंच्या हातातलं तांदळाचं माप पिंपाच्या तळाला खरवडल्याचा आवाज आला, मग थांबला. त्या बाहेर आल्या त्या हातात बाही धरून. सुया दोन्हीकडून बाहेर आलेल्या, तांदूळ गळताहेत.

"हे का होय?"

"बाही."

"कोनाची?"

सहाही बायका सावरून बसल्या. आठवड्यात पहिल्यांदाच काही तरी घडत होतं.

"तांदळात काहून ठेवली? सोंडे लागू नये म्हनून? त्याले लिंबाचा पाला टाकतेत, वहिनी. बाही नाही टाकत." मग त्यांचा आवाज खाली आला. "माहा भाऊ हिच्यात अटकून रायला, अन् तू त्याले तांदळात कोंबलं?"

"असू द्या बाई तशीच. तुम्हाला काय करायचं आहे?"

"मले काय करायचं? माहा भाऊ होय तो!"

कोनाड्यात कात्री होती. मी उठेपर्यंत त्यांनी ती घेतली. मागावरून कापड उतरवतात तशी त्यांनी बाही ताणून धरली, सुईपासून दोन बोटं सोडली, आणि सरळ, एका दमात कापली. वडिलांकडून शिकलेलं काम. मग, कापड उतरवल्यावर झटकतात तशी झटकली.

मागावरचं कापड झटकलं तर धूळ उडते. विणलेली बाही झटकली तर काय होतं हे बाईंना कोणी सांगितलं नव्हतं.

"अय बाप्पा! हे तं चालून रायलं!"

कापलेल्या कडेचे टाके मोकळे झाले होते आणि एकामागून एक खाली पळत होते. सासऱ्यांनी सांगितलं होतं तसंच, गावात बातमी पसरते तसं. "हलू नका!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी ग्रंथालयातसुद्धा कधी ओरडले नव्हते, आणि तिथे तर गरज पडायची. "बाई, हलू नका! पिना! पिना द्या कोणी!"

आमच्याकडे प्रत्येक बाईच्या बांगडीत एखादी तरी सेफ्टी पिन असतेच. पदराला, तुटलेल्या चपलेला, काट्याला, दाताला, सगळ्याला तीच. सहा बायकांच्या बांगड्यांमधून पिना निघाल्या. एकीने गळ्यातल्या पोतीतली काढली. मी एकेक टाका पकडायची, बाई त्यात पिन घालायच्या. त्यांचे डोळे अधू झालेले, पण मागावर तुटलेला धागा पकडायची बोटं तीच होती. माझ्याआधी त्यांना टाका सापडायचा. शेजारची म्हातारी मागून म्हणाली, "सुतकात सुई धरतेत का व?"

"सुई कुठी आहे? पिन होय," बाई मान वर न करता म्हणाल्या. "तुही बी काढ. लपवू नोको, दिसून रायली."

आतल्या खोलीत मुलगा पुण्याच्या ऑफिसशी फोनवर बोलत होता. तो कानाला फोन लावूनच बाहेर आला. आठ बायका एका बाहीवर वाकलेल्या, तोंडात पिना, आसपास तांदूळ. "काय झालं?" त्याने विचारलं.

"तुह्या बापाची बाही पळून चालली," बाई म्हणाल्या.

मी हसले. आधी नाकातून, मग दाबता येईना. सतरंजीवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले, पण खांदे हलत होते. सात दिवस मी नीट रडले नव्हते. ते मी त्याच वेळी, हसता हसता, टाका हातात धरून रडले. अठ्ठावन्न टाके होते. एकोणीस पिना लागल्या. चार ओळी गेल्या.

पिनांवर टाके ठेवून जन्म काढता येत नाही, कारण पिनांच्या मालकिणी समोर बसलेल्या असतात. मी टाके पुन्हा सुईवर घेतले. कापल्या जागेपासून लोकरीचा धागा जोडायचा होता. तो बाईंनी विणकरांच्या गाठीने जोडला, तिळाएवढी गाठ, दोन्ही बाजूंनी ओढून दाखवली. कात्री त्यांनी कोनाड्यात परत ठेवली. माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चाल, विण. पाहतो मी."

त्या पाच दिवसांत मी जितकी हळू विणले तितकी कधी विणले नसेन. एकेक ओळ पुरी झाली की तो एक ओळ लांब गेला असं वाटायचं. बायका येत, बसत, माझ्या सुयांकडे बघत. आता "देवाची मर्जी" कोणी म्हणत नव्हतं, मुंढ्याला किती टाके कमी करतेत ते विचारत होत्या. तिथपर्यंत आले आणि मी थांबले. उजव्या बाहीवरून मोजता आलं असतं, पण प्रत्येक बाही मी हातालाच लावून बघत आले होते.

"का झालं?" बाईंनी विचारलं.

"माप."

त्यांनी ब्लाउजची बाही वर केली आणि हात माझ्यासमोर लांब धरला. "घे. आमचे हात सारखेच. दोघाचेबी आईवर गेले."

मी बाही लावली. कोपराचं हाड तसंच बाहेर आलेलं, मनगट तसंच हाताच्या मानाने बारीक. एवढी वर्षं त्या हाताने मला वाढलं होतं, रागावून बोट दाखवलं होतं, आणि मी कधी नीट पाहिला नव्हता. त्यांनी तो बराच वेळ तसाच धरून ठेवला. मी चार बोटं कमी आहे म्हणाले. होती दोनच.

तेराव्याच्या आदल्या दिवशी दुपारी स्वेटर पुरा झाला. बाह्या जोडल्या, खांदे जोडले, गळ्याची पट्टी विणली, टाके बंद करत आणले. शेवटचा टाका राहिला तेव्हा मी धागा तोडून त्यातून ओढून घेतला नाही. तो एक टाका पिनेवर घेतला, पिन गळ्याच्या आतल्या बाजूने बंद केली, आणि स्वेटर घडी घालून ठेवला. एवढं कोणाला दिसणार नाही, असं मला वाटलं.

बाईंनी घडी उघडली. पाठ पाहिली, बाह्या पाहिल्या, गाठ कुठे आहे ती शोधली आणि त्यांनाही ती चटकन सापडली नाही, यावर खूश झाल्या. मग गळ्याशी त्यांचं बोट थांबलं.

"एक टाका रायला."

"राहू द्या, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नियम त्यांच्या घरचा होता, भाऊ त्यांचा होता, आणि कात्री अजून कोनाड्यातच होती. बाहेर मुलगा मंडपवाल्याशी बोलत होता. बाईंनी पिन उघडून पाहिली, टाका नीट बसला आहे ना ते बघितलं आणि पुन्हा बंद केली.

"पिन माही होय," त्या म्हणाल्या. "वापस देजो."

त्याचे बाकीचे कपडे तेरवीनंतर वाटले. हा कोणाला द्यायचा यावर मुलाने काही विचारायच्या आत बाई म्हणाल्या, "तिचा तिले राहू दे. दहा विनले, एक तं घालन." आता थंडीत सकाळी तलावाच्या पाळीवर फिरायला जाताना मी तो घालते. मांड्यांपर्यंत येतो, हात बाह्यांत बुडतात. हा माझा पहिला स्वेटर, आणि तोही माझ्यासाठी विणलेला नाही. हवेशीर आहे.

यंदा धान घरात आल्यावर बाई आल्या तेव्हा मी अंगणात तोच घालून बसले होते. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "माही पिन?"

"लागते आहे अजून."

"बरं." त्या शेजारी बसल्या, डावी बाही चिमटीत धरून कापड पारखतात तशी चोळून पाहिली. "मऊच रायली व," त्या म्हणाल्या. "खळ द्याले पायजे होती."